एक मन म्हणतंय जा, एक मन म्हणतंय नको: पार्ट्स थेरपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात टिळकवाडीला दुसऱ्या रेल्वे गेटजवळ माझी एक छोटी खोली आहे, तिथं मी काउन्सेलिंग करते. गेट पडलं की निम्मे लोक उशिरा येतात, आल्यावर पहिली दहा मिनिटं "मॅडम हे नेमकं काय असतंय" यातच जातात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच ठेवावं. खालची उदाहरणं खऱ्या माणसांवरून सुचलेली आहेत खरं कुणा एकाची नाहीत, दोघातिघांचं मिसळून, गाव आणि नातं बदलून लिहिलंय. त्यामुळं "ही आमचीच वहिनी" म्हणून शोधत बसू नका.

पार्ट्स थेरपी म्हणजे नेमकं काय ओ?

आपण रोज बोलतोच की, "एक मन म्हणतंय पुण्याला जावं, एक मन म्हणतंय अप्पांना सोडून कसं जायचं." एवढंच. ही थेरपी ते वाक्य जसंच्या तसं खरं धरते. आत एकच मालक बसलाय असं न मानता, जुन्या वाड्यात कशी चार भावांची बिऱ्हाडं असायची, एकाची चूल इकडं, एकाची तिकडं, आणि पाण्यावरून रोज कटकट, तसं मन आहे असं धरायचं. प्रत्येक भागाचं काम वेगळं, सवयी वेगळ्या, आणि मुख्य म्हणजे भीती वेगळी. निर्णय होत नाही, रात्र रात्र झोप येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोन बिऱ्हाडांत भांडण जुंपलेलं असतं.

वहीत फायदे-तोटे लिहायचा सल्ला सगळेच देतात आणि तो वाईट नाही, खरं तुम्ही ती वही आधीच तीनदा भरलेली असते. इथं आपण त्या भांडणाऱ्या दोघांनाच वेगवेगळं बसवून विचारतो: तू हे कशासाठी करतोयस, आणि तू थांबलास तर काय होईल असं तुला वाटतंय? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माझं निम्मं काम त्या एका प्रश्नावर चालतं.

हे कुणी काढलं? अमेरिकेचं फॅड आहे काय?

आज ज्याचं नाव सगळ्यात जास्त चालतंय ती पद्धत म्हणजे इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, आयएफएस म्हणतात तिला, आणि ती रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन फॅमिली थेरपिस्टनं 1980च्या दशकात बांधली. तो बुलिमियाच्या पेशंटबरोबर काम करायचा, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी करून काढणारे, आणि ते पेशंटच सांगायचे की माझा एक भाग खा म्हणतो, दुसरा लगेच शिव्या घालायला लागतो. कुटुंबातल्या भांडणांचं शिक्षण घेतलेला माणूस, त्याला वाटलं अरे हे तर आतलंच कुटुंब आहे.

खरं कल्पना त्याच्या आधीची आहे. इटलीत रॉबर्टो असाजिओली उपव्यक्तिमत्त्वांबद्दल बोलायचा, एरिक बर्न यानं आतला पालक, प्रौढ आणि मूल अशी मांडणी केली, फ्रिट्झ पर्ल्स समोर रिकामी खुर्ची ठेवून माणसाला स्वतःच्याच दुसऱ्या बाजूशी बोलायला लावायचा, जॉन आणि हेलन वॉटकिन्स यांची मनाच्या वेगवेगळ्या अवस्थांशी बोलणारी इगो स्टेट थेरपी आहे, चार्ल्स टेबेट्स हेच काम संमोहनातून करायचा. नावं पाठ करायची गरज नाही. मी मुख्यतः आयएफएसच्या वाटेनं जाते आणि गरज पडली तर खुर्ची वापरते, प्लास्टिकची, नीलकमलची.

म्हणजे मला दोन पर्सनॅलिटी आहेत काय? सिनेमात दाखवतात तसं?

नाही. सिनेमात दाखवतात ते डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, तो वेगळा आणि गंभीर आजार आहे, त्यात माणसाला मधला वेळ आठवत नाही, आपण कुठं गेलो काय केलं याचा पत्ता नसतो. तुम्हाला तुमची दोन्ही मनं एकाच वेळी ऐकू येतायत आणि त्याचाच तर त्रास आहे. भाग सगळ्यांना असतात, मला आहेत, तुमच्या सासूबाईंनाही आहेत.

मग अंगात येण्यासारखं काय?

हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि मला तो आवडतो, कारण यल्लम्माच्या सौंदत्तीच्या वाटेवरच्या लोकांनी हा नाही विचारायचा तर कुणी. माझ्या आज्जीच्या शेजारच्या काकूंच्या अंगात पौर्णिमेला यल्लम्मा यायची आणि एरवी नवऱ्यापुढं तोंड न उघडणारी ती बाई त्या वेळी सासऱ्याला सुद्धा नाव घेऊन सुनवायची. श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा विषय नव्हे. फरक एवढाच सांगते की तिथं बोलणारा बाहेरून आला असं मानतात आणि बाईला नंतर ते आठवत नाही, इथं बोलणारा भाग तुमचाच असतो आणि तुम्ही जागे असता, ऐकत असता, मध्येच "पाणी देता काय मॅडम" म्हणू शकता.

आत कोण कोण असतंय?

आयएफएसमध्ये तीन प्रकार सांगतात, इंग्रजी नावं लोकांच्या डोक्यावरून जातात म्हणून मी माझी नावं वापरते.

पहिले कारभारी. हे घर चालवतात. लोक काय म्हणतील, अभ्यास झाला काय, चारचौघांत असं बोलू नको, सगळं वेळेवर हवं. दिवसभर यांचंच राज्य.

दुसरे बंबवाले. आत आग लागली की घंटा वाजवत येतात आणि सरळ पाणी मारतात, घरातलं सामान भिजलं तरी त्यांना फरक पडत नाही. रात्री दोनपर्यंत रील्स, दारू, अचानक भडकणं, किलोभर कुंदा एकटीनं संपवणं, ही सगळी बंबवाल्यांची कामं.

तिसरे कोंडलेले. माडीवरच्या खोलीत कडी लावून ठेवलेले. बहुतेक वेळा लहान वयातले, लाज, भीती, एकटेपण घेऊन बसलेले. कारभारी आणि बंबवाले दोघांची सगळी धडपड यांचं रडणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून चाललेली असते.

आणि या सगळ्यांपेक्षा वेगळा असा एक "मूळ मी", त्याला आयएफएसमध्ये सेल्फ म्हणतात. तो शांत असतो, त्याला कुतूहल असतं, माया असते. तो तयार करावा लागत नाही, बाकीचे जरा बाजूला सरकले की दिसतो, असं ही पद्धत मानते. मलाही सुरुवातीला हे जरा गुळमुळीत वाटलं होतं. पुढं लोकांचा आवाज बदलताना कानानं ऐकला तेव्हा पटलं.

सेशनमध्ये प्रत्यक्ष काय करता? नुसतं बोलायचं?

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. एक अक्का आल्या होत्या, पन्नाशीच्या, खानापूरकडच्या. हातात प्लास्टिकची फोल्डर, आत वडिलांच्या जमिनीचा उतारा, तो कन्नडमध्ये म्हणजे त्यांना वाचता येईना, आणि वर हक्कसोडपत्राचा मसुदा. भावानं सांगितलेलं, सोमवारी येऊन सही कर. तीन महिने असे सोमवार येऊन जाऊलालेत आणि यांचा बीपी वाढूलालाय.

मी म्हटलं, सही करून टाक म्हणणारी कुठं जाणवते?

"गळ्याशी. लाडू अडकल्यासारखं."

तिच्याकडं बघून काय वाटतं?

"राग येतोय तिचा. लाचार आहे मेली."

आता इथं थांबायचं, ही खरी गोम आहे. राग येतोय म्हणजे आत्ता बोलतीय ती दुसरी, सही नको म्हणणारी. म्हणजे आपण पंच म्हणून बसलोच नाही अजून, एका पार्टीच्या बाजूनंच बोलूलालोय. म्हणून त्या रागाला सांगायचं, तुझंही ऐकणार आहे, शपथ, तोपर्यंत जरा ओसरीवर बस. हे ऐकायला पोरखेळ वाटतो, अक्कांना पण वाटला, हसल्या त्या. मग डोळे मिटून बसल्या मिनिटभर, आणि म्हणाल्या, "बसली." परत विचारलं, आता गळ्यातल्या त्या बाईकडं बघून काय वाटतं? तर म्हणाल्या, "थकलीय ओ ती."

तो आवाज वेगळा होता. तिथून पुढं काम सुरू होतं.

गळ्यातलीला विचारलं, सही नाही केली तर काय होईल? तर, माहेरचं दार बंद होईल. पंचमीला बोलावणार कोण, ओटी कोण भरणार, मी मेले तर माहेरची साडी कुठून येणार. मग ओसरीवरच्या रागीटाला आत बोलावलं, ती जबड्यात होती, दात आवळून. ती म्हणाली, सही केली तर परत एकदा मला कोणी मोजलं नाही असं होईल.

परत एकदा म्हणजे? पहिल्यांदा कधी?

मग बराच वेळ अक्का बोलल्या नाहीत. बाहेर रेल्वे गेली. चौथीतून शाळा काढलेली, धाकट्या भावाला सांभाळायला, आणि तोच भाऊ पुढं दप्तर घेऊन शाळेत जाताना ही गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून बघायची. हाच तो आता सोमवारी ये म्हणणारा भाऊ.

त्या दिवशी सहीबद्दल आम्ही अजून काही बोललोच नाही. त्या उंबऱ्यावरच्या पोरीशेजारी अक्का मनातल्या मनात जाऊन बसल्या, तिला काय हवंय ते विचारलं. तिला पाटी हवी होती.

आतला भाग कन्नडमध्ये बोलला तर?

बोलतो की. आपल्या भागात हे सर्रास होतं आणि पुस्तकातून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. एका मुलाचा कारभारी कायम कन्नडमध्ये ओरडायचा, कारण सातवीपासूनचे गणिताचे सर कन्नड होते, आणि त्याच्या आतलं भेदरलेलं पोरगं मराठीत रडायचं. मी मध्ये मध्ये त्याला म्हणायचे, मराठीत सांग, मराठीत सांग. चूक माझी होती. भाषांतर केलं की तो भाग गप्प व्हायचा. मग मी म्हटलं, ज्याची जी भाषा त्यात बोलू दे, माझं कन्नड बाजारापुरतं आहे, अडलं तर विचारेन.

आपल्याकडं 1956 पासून सीमाप्रश्न चाललाय, त्यामुळं कन्नडमध्ये विचार करणारा भाग सापडला की काहींना एकदम अपराधी वाटतं, घरात फितूर शिरल्यासारखं. तसंच ऑफिसात अस्खलित कन्नड बोलणाऱ्या आणि घरी आल्यावर तोंडातून मराठीच निघणाऱ्या माणसाला वाटतं मी दोन्हीकडं खोटा. बाहेरचा लढा ज्याचा त्याचा, त्याबद्दल इथं काही म्हणत नाही. आतल्या भागांना मात्र राज्य पुनर्रचना आयोग लावायची गरज नाही.

दोन भाग भांडत असतील तर शेवटी ऐकायचं कुणाचं?

लगेच कुणाचंच नाही. मतदान घेतलं की हरलेला भाग दुसऱ्या दिवशी बंबवाल्यांना फोन करतो.

उद्यमबागचा एक पोरगा, वडिलांचं सीएनसी मशीनचं छोटं युनिट, याला पुण्यात डिझाइनची नोकरी लागलेली. सकाळी बॅग भरायचा, संध्याकाळी बॅग सोडायचा, जॉइनिंगची तारीख दोनदा पुढं ढकललेली. घरचे म्हणायचे आळशी. जाणाऱ्या भागाला भीती होती की इथंच राहिलो तर अप्पांसारखा पंचेचाळिशीत कंबर धरून बसेन. राहणाऱ्या भागाला भीती होती की आपण गेलो आणि अप्पांना मशीनवर काही झालं तर. आता बघा, दोघंही अप्पांच्याच कंबरेबद्दल बोलतायत. हे ऐकल्यावर तो मुलगाच म्हणाला, मॅडम ही तर एकाच पार्टीची माणसं. पुढं त्यानं केलं ते अगदी साधं: मदतनीस ठेवायचा खर्च किती ते अप्पांबरोबर बसून काढलं. दोन वर्षांत ही गोष्ट घरात कुणी बोललंच नव्हतं.

सगळ्यांचं इतकं सरळ सुटत नाही. काही वेळा दोन्ही भीती खऱ्या असतात आणि काहीतरी गमवावंच लागतं. तेव्हा निदान काय गमावतोय ते डोळे उघडे ठेवून कळतं.

दारू पिणारा भाग कायमचा काढून टाकता येतो काय?

बायका नवऱ्याला घेऊन येतात आणि हेच मागतात. आयएफएस म्हणते की कुठलाच भाग मुळात वाईट नाही, त्याला मिळालेलं काम वाईट आहे. पटायला जड आहे हे, विशेषतः मार तुम्ही खाल्ला असेल तर. त्या भागाची भीती समजून घेणं वेगळं आणि त्याचं वागणं खपवून घेणं वेगळं. घरात मारहाण चालू असेल तर आधी तुमची सुरक्षितता, आतल्या भागांच्या गप्पा नंतर. आणि रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं, म्हणून सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

संमोहन करता काय?

मी नाही. काही जण करतात. आयएफएसमध्ये डोळे मिटून आत लक्ष द्यायचं असतं, एवढंच.

लहानपणीचं विसरलेलं काहीतरी यातून बाहेर येतं म्हणतात, ते खरं असतं?

जपून. जे आधीपासून आठवत होतं ते जास्त स्पष्ट वाटू शकतं, खरं थेरपिस्टनं "तुझ्यावर काहीतरी झालं असणार, बघ आठवतंय काय" असं ढोसलं तर मन न घडलेली आठवणही तयार करू शकतं, यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. सेशनमध्ये दिसलेलं चित्र हा कोर्टातला पुरावा नव्हे. असं ढोसणारा कुणी भेटला तर उठून या.

घरी एकट्यानं करता येईल?

रोजच्या बारक्या झगड्यासाठी येईल. वही घ्या, एका पानावर एका भागाला लिहू द्या, दुसऱ्या पानावर दुसऱ्याला, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न, तू थांबलास तर काय होईल? "मी आळशी आहे" असं लिहू नका, "माझा एक भाग पुस्तक उघडायला तयार नाही" असं लिहा, एवढ्यानंच थोडी जागा होते बघा. माडीवरची कडी मात्र एकट्यानं काढायला जाऊ नका, म्हणजे मोठा आघात, अत्याचार, कुणाचा मृत्यू असं काही असेल तर. लिहिताना हातपाय गार पडले, सुन्न झालं, तर वही मिटा, चहा करा, कुणाशी तरी बोला.

कुणी करू नये?

ज्यांना बाहेरून आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळत ठेवतंय असं पक्कं वाटतं, किंवा मॅनिया, म्हणजे झोप नाही आणि उत्साह आवरत नाही अशी अवस्था, चालू आहे, त्यांनी आधी सायकियाट्रिस्टकडं जायचं. अशा माणसाला "तुझ्या आतल्या आवाजाशी बोल" म्हणणं म्हणजे आगीत तेल. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर या थेरपीसाठी त्या बंद करायच्या नाहीत, मी सांगितलं तरी नाही, मी डॉक्टर नव्हे.

खरंच उपयोग होतो याला काही पुरावा आहे काय, की नुसतं तुम्ही म्हणता म्हणून?

थोडा आहे, डोंगराएवढा नाही. 2013 साली संधिवाताच्या, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या 79 पेशंटवर एक चाचणी छापून आली, त्यात निम्म्यांना आयएफएस आणि निम्म्यांना आजाराची माहिती दिली, आणि आयएफएसवाल्यांच्या वेदना, हालचाल आणि मनःस्थितीत सुधारणा दिसली. आघातावर छोटे अभ्यास झालेत. सीबीटीमागं, म्हणजे विचार आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या थेरपीमागं, जितका अभ्यास आहे तितका यामागं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. डिप्रेशन किंवा ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती सुटत नाहीत असा आजार, असेल तर आधी ज्याला जास्त पुरावा आहे ते घ्या. निर्णय अडलाय, स्वतःशीच भांडण चाललंय, असं असेल तर हे करून बघायला हरकत नाही असं माझं मत.

किती सेशन लागतात?

सेशन साधारण तासाभराचं. एखाद्या निर्णयापुरतं असेल तर चार-सहा भेटींत बरंच मोकळं होतं, जुना आघात असेल तर महिने जातात. "सात दिवसांत मनःशांती" असा फ्लेक्स दिसला तर स्कूटर थांबवू नका.

बेळगावात कुणाकडं जायचं? पैसे नसतील तर?

गोळ्या फक्त डॉक्टर देऊ शकतो, मनाच्या आजारांचा डॉक्टर म्हणजे सायकियाट्रिस्ट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं असते, नंबर विचारा, विचारायला लाजू नका. "काउन्सेलर" ही पाटी मात्र आपल्याकडं कुणीही लावू शकतं, माझ्यासकट, म्हणून शिक्षण कुठं झालं, पार्ट्सचं काम कुणाकडं शिकला, अडलं तर कुणाचा सल्ला घेता, हे तिन्ही विचारायचं. जो चिडेल त्याच्याकडं जाऊ नका.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा दवाखान्यात मानसिक आजाराची ओपीडी असते. मोठं काही असेल तर धारवाडचं डिमहान्स, मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल, दीड-दोन तासांवर आहे. पार्ट्स थेरपीच मिळेल असं नाही, खरं तपासणी नीट होते. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर 14416 लावा, टेलिमानसची ही सरकारी लाइन 2022 पासून आहे, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते.

घरचे म्हणतात याड लागलंय काय, काय सांगू?

काही सांगू नका पहिल्यांदा. "कंबरेच्या शेकाला जाते" म्हणून माझ्याकडं येणाऱ्या तिघी आहेत.

मला आत काहीच ऐकू येत नाही. माझ्यात भाग नाहीतच काय?

"काहीच ऐकू येत नाही" असं म्हणणारा एक कारभारी असतो, दारावर बसलेला. पुरुषांच्यात जास्त. त्याला ढकलून आत जायचं नाही, त्याच्याशीच बोलायचं. काहींना आवाज येत नाही, चित्र दिसत नाही, नुसतं पोटात गोळा किंवा खांद्यावर ओझं, तेही चालतं. एका काकांना तीन भेटींत फक्त कॅम्पातल्या जुन्या बेकरीचा वास येत होता. आम्ही त्या वासाशी बोललो.

त्या हक्कसोडपत्राचं शेवटी काय झालं?

सगळे हेच विचारतात. वर म्हटलं तसं ती एक बाई नव्हे, त्यामुळं शेवटही एक नाही. मी कुणालाच सही कर किंवा करू नको म्हटलं नाही, 2005च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे एवढं सांगून वकिलाकडं पाठवलं, आणि उतारा मराठीत वाचून घ्या म्हटलं. एकीनं सही केली, फक्त भावाला आधी समोर बसवून चौथीतल्या शाळेचं सांगितलं, तो रडला म्हणे. एकीनं नाही केली, आणि दोन पंचमी तिला बोलावणं आलं नाही, तिसऱ्या वर्षी भावजय स्वतः गाडी घेऊन आली. एकीचं अजून चालूच आहे, परवाच येऊन गेली, फोल्डर नवीन घेतलीय.